बार्शीचा मेहबूब

शाहीर अमर शेख म्हटलं की आमच्या वयाच्या माणसांना पहिल्यांदा आठवते ती संयुक्त महाराष्ट्राची चळवळ. हातात डफ, डोळ्यांत अंगार आणि मैदानाच्या पार टोकापर्यंत पोहोचणारा तो पहाडी आवाज. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. स्मरणिकेसाठी महाराष्ट्रातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र लिहा असं संपादक मंडळानं सुचवलं, तेव्हा मी अमर शेखांचं नाव घेतलं खरं, पण मला सांगायची आहे ती त्याच्या आधीची गोष्ट. म्हणजे अमर शेख हे नावच जन्माला आलेलं नव्हतं, तेव्हापासूनची. कारण या माणसाला गाणं कुणी शिकवलं, या प्रश्नाचं सरळ उत्तर सापडत नाही. गुरू नाही, घराणं नाही, गंडाबंधन नाही. आपल्या सोसायटीतल्या नातवंडांना तबल्याचा क्लास, कीबोर्डचा क्लास, आता तर घरबसल्या ऑनलाइन क्लास. बिघडत काहीच नाही त्यात. पण क्लासशिवाय गळा कसा तयार होतो, तेही कधीतरी पाहावं.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म 20 ऑक्टोबर 1916, गाव सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. नोकरीत असताना माझी काही वर्षं बार्शीच्या शाखेत गेली, म्हणून त्या गावाबद्दल दोन शब्द अधिकाराने सांगतो. बार्शी म्हणजे मराठवाड्याचं दार. ज्वारी, तूर, कापूस, भुईमूग, सगळा माल इथल्या आडतीत उतरायचा. बार्शी तिथे सरशी ही म्हण उगीच नाही पडली. गावात भगवंताचं मोठं देऊळ आणि गावाच्या नावाची छोटी रेल्वे. कुर्डुवाडीहून बार्शीला येणारी ही बार्शी लाईट रेल्वे 1897 साली सुरू झाली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट, पण तिच्यामुळे गावाची पेठ झाली, पेठेमुळे गिरण्या आल्या आणि गिरण्यांमुळे आजूबाजूच्या कोरडवाहू गावांतली माणसं इथे मजुरीला आली. अशा गावात एका गरीब मुसलमान घरात हा मुलगा जन्मला. पैसा नव्हता, जमीन नव्हती. जे होतं ते आईच्या गळ्यात होतं.

आईचं नाव मुनेरबी. अमर शेखांच्या गाण्याचा उगम शोधायचा तर तिथेच जावं लागतं. मुनेरबींना मराठी लोकगीतं येत होती आणि गळा गोड होता. हे आजच्या मुलांना नवलाचं वाटेल, पण आपल्या खेड्यापाड्यांत जातं सगळ्यांच्या घरी होतं. जात्यावर बसलेली बाई पाटलाची असो, महाराची असो की मुलाण्याची असो, दळताना ओठांवर येणार ती ओवीच. आणि ओवी ही फार हुशार चीज आहे. तिला वही लागत नाही, पेटी लागत नाही. जात्याचा खुंटा एक फेरा पुरा करतो तेवढ्यात एक चरण बसतो, श्वास कुठे घ्यायचा ते हात ठरवतात. बाई जुनी ओवी गाता गाता स्वतःची एखादी त्यात मिसळून देते, आणि कुठली जुनी, कुठली नवी हे कुणाला कळत नाही. शब्द जागच्या जागी जुळवणं, दमसास सांभाळणं, मनातलं सुखदुःख चालीत बसवणं, हे सगळं त्या दळणात आलं. पहाटेच्या अंधारात आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडलेल्या पोराच्या कानावर ते वर्षानुवर्षं पडत राहिलं, तर दुसरा क्लास हवा कशाला?

पुढे अमर शेखांची गाणी म्हणजे नुसती आरोळी होती असं म्हणणारे लोक मला भेटलेत. त्यांनी त्यांचा फक्त चढा आवाज लक्षात ठेवला. त्यांच्या गाण्यात मध्येच जो हळवेपणा यायचा, एकदम एखाद्या बाईच्या तोंडची वाटावी अशी वळणं यायची, ती कुठून आली हे त्यांना कळलं नाही. ती जात्यावरून आली, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिक्षण फारसं झालं नाही. घर चालवायला हात लागले आणि मेहबूब मोटारीवर क्लीनर म्हणून लागला. तेव्हा एस. टी. नव्हती. ती सुरू झाली 1 जून 1948 ला, पुणे ते नगर या मार्गावर. त्याआधी गावोगावी खासगी सर्व्हिस मोटारी चालत. क्लीनर म्हणजे पडेल ते काम करणारा पोऱ्या. पहाटे हँडल मारून इंजिन चालू करायचं, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचं, टपावर बोचकी आणि ट्रंका चढवायच्या, चाक चिखलात रुतलं तर खाली उतरून खांदा लावायचा. आणि मुख्य म्हणजे ओरडायचं. गाडी भरेपर्यंत पुढच्या गावांची नावं एका दमात, सूर धरून घ्यायची, ती बाजाराच्या गलक्यातून चार पेठांपलीकडच्या उतारूला ऐकू गेली पाहिजेत. याला रियाज म्हणायचं की नाही ते जाणकारांनी ठरवावं. मी आपला आडतीतल्या हमालांच्या आणि लिलाव पुकारणाऱ्यांच्या आवाजावरून सांगतो की मोकळ्या हवेत, धुळीत, विनामाईक वापरलेल्या आवाजाची जात वेगळी असते.

मोटारीनंतर गिरणी. गिरणीत तर बोलणंच ऐकू येत नाही, साच्यांच्या खडखडाटात कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. पण इथे मेहबूबला दुसरीच एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे माणसं. दिवसभर उभं राहून सूत कातणारी, पगाराच्या दिवशी सावकाराला दारात बघणारी माणसं. तो काळही साधा नव्हता. 1930 साली सविनय कायदेभंगाच्या दिवसांत जवळच्या सोलापुरात लोकांनी इंग्रजी अंमल जवळपास बाजूला सारला होता. मग सरकारने मार्शल लॉ पुकारला, आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं. मेहबूब तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. चार हुतात्म्यांत एक लिंगायत, एक मुसलमान, एक मराठा, एक मारवाडी, आणि गाव आपल्याच जिल्ह्याचं. त्या वयाच्या मुलावर याचा परिणाम झाला नसता तरच नवल. 1930 ते 32 च्या त्या धामधुमीत तोही स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढला गेला.

नंतर गिरणीतल्या संपात तो पुढे झाला. नुसता सहभागी नव्हे, पुढारी झाला. आता इथे जरा थांबून विचार करा. घरची गरिबी, हातात असलेली रोजी आणि समोर मालक. त्या परिस्थितीत संपाच्या पुढे उभं राहणं म्हणजे उद्याच्या भाकरीवर पाणी सोडणं. बँकेत आम्हीही संप केले, एका दिवसाचा पगार कापला गेला तरी घरी धुसफूस व्हायची. या पोराचा पगार तर गेलाच, वर तुरुंग मिळाला.

तुरुंग विसापूरचा. नगर जिल्ह्यात श्रीगोंदे तालुक्यात विसापूर आहे. त्या काळात कितीतरी सत्याग्रहींनी तिथे दिवस काढले. राजकीय कैद्यांच्या तुरुंगाचं एक वैशिष्ट्य असं, की आत जाताना माणूस अडाणी असला तरी बाहेर येताना काहीतरी शिकून यायचा. बराकीत वाचन चालायचं, वाद चालायचे, गाणी चालायची. विसापुरात मेहबूबची गाठ पडली कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर यांच्याशी. कम्युनिस्ट विचार त्याच्या कानावर नीट पडला तो त्यांच्याकडून. आपल्या गिरणीत जे घडतंय ते फक्त आपल्या गिरणीतलं नाही, जगभर गिरणी आहे तिथे ते आहे, हे त्या पोराला कळलं. गळा आईने दिला होता, माणसं गिरणीने दिली होती. गायचं कशासाठी, हे तुरुंगात ठरलं.

ठरलं म्हणजे लगेच शाहीर झाला असं मात्र नाही. सुटल्यावर पोटापाण्याचा प्रश्न होताच. त्या दिवसांत ज्याच्या अंगात काही कला आहे असं चार लोक म्हणत, तो पोरगा कोल्हापूरचा रस्ता धरायचा. मेहबूबही गेला आणि मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत लागला. प्रभात कंपनी 1933 साली पुण्याला गेली होती, तरी कोल्हापुरात सिनेमाचं वारं होतंच. मास्टर विनायक म्हणजे मोठं नाव. तिथे चिकटून राहिला असता तर एक नट म्हणून, गायक म्हणून कदाचित बरी मिळकत झाली असती. पण कोल्हापूरने त्याला दिलेली खरी कमाई वेगळीच होती. तिथल्या मित्रांनी त्याचं नाव बदललं. मेहबूब पटेलचा अमर शेख झाला.

सिनेमात नाव बदलणं नवीन नाही. कितीतरी मुसलमान नटनट्यांनी पडद्यासाठी हिंदू नावं घेतली. या नावात मला आवडतं ते असं की त्यात अमर आहे आणि शेखही आहे. धर्म झाकलेला नाही आणि मिरवलेलाही नाही. पुढे फाळणीच्या काळात, जेव्हा नावावरून माणसं मारली जात होती, तेव्हाही हेच नाव घेऊन ते मराठी लोकांपुढे उभे राहिले आणि लोकांनी त्यांना आपला शाहीर मानलं. इथून पुढे मीही त्यांना अहो-जाहो करतो.

शाहिरी ही तशी गुरुपरंपरेने चालणारी कला. पोवाड्याचा फड असतो. मुख्य शाहिराच्या हातात डफ, मागे तुणतुणं, झांज आणि झील धरणारे साथीदार. पोरगा आधी वर्षानुवर्षं मागे उभा राहून झील धरतो, म्हणजे शाहिराने ओळ सोडली की ती वरच्या सुरात उचलतो. मग कधीतरी त्याला पुढे उभं राहायची संधी मिळते. पेशवाईतले सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार, जेजुरीचे. सोलापूरचे राम जोशी ब्राह्मण. खुद्द कोल्हापुरात शाहीर लहरी हैदर आणि पिराजीराव सरनाईक यांच्यासारखी नावं होती. म्हणजे जातधर्म आड येत नव्हता, आड येत होती ती फक्त उमेदवारी. अमर शेखांनी ती उमेदवारी कुठल्या फडात केली नाही. ऐकून ऐकून उचललं, आणि उचललेलं आपल्या गळ्यात बसवलं. त्यामुळे त्यांच्यात एक कच्चेपणा राहिला असं जुनी शाहिरी जाणणारे म्हणत असतील, तर ते खोटं नाही. पण त्याच कच्चेपणामुळे त्यांच्या आवाजाला ठराविक वळण पडलं नाही. ओवी, पोवाडा, लावणी, समरगीत, सगळं त्या एका आवाजात मावलं.

मग मुंबई आणि दुसरं महायुद्ध. गिरणगावात तीन पाळ्यांत गिरण्या चालू होत्या, बाहेर धान्याची टंचाई, 1943 मध्ये बंगालात भीषण दुष्काळ. त्याच वर्षी मुंबईत इप्टा ही लोकनाट्य चळवळ उभी राहिली. कम्युनिस्ट पक्षाला लवकरच एक गोष्ट कळून चुकली होती. पत्रकं वाचता न येणाऱ्या कामगाराला नुसतं भाषण देऊन भागत नाही, त्याला त्याच्या गावाकडची कला लागते. गिरणी कामगार म्हणजे कोण? सातारा, सांगली, कोकण, देश इथून आलेला शेतकरीच. चाळीच्या खोलीत वीस-वीस जण पाळीपाळीने झोपायचे, आणि सुट्टीच्या दिवशी तमाशा, भजन, शक्तितुरा हीच त्यांची करमणूक होती.

1944 साली लाल बावटा कलापथक निघालं. अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख हे त्याचे तिघे आधारस्तंभ. यातल्या अण्णाभाऊंची गोष्ट आपण सगळे जाणतो. वाळवे तालुक्यातलं वाटेगाव, जन्म 1 ऑगस्ट 1920, शाळेचं तोंड पाहिलं ते जेमतेम दीड दिवस, आणि बापाबरोबर पायी चालत मुंबई. म्हणजे बघा, मराठी लोककलेला एवढं मोठं वळण देणाऱ्या पथकात एक शाळेत न गेलेला लेखक आणि दुसरा गुरूकडे न गेलेला गायक. गव्हाणकरही पट्टीचे कवी. अण्णाभाऊंनी जुन्या तमाशातली राधाकृष्णाची गवळण काढून टाकली आणि गणात कष्टकऱ्यांना वंदन आणलं. 'अकलेची गोष्ट'सारखी लोकनाट्यं त्यातून उभी राहिली. स्तालिनग्राडचा पवाडा अण्णाभाऊंनी लिहिला होता. रशिया कुठे आहे हे नकाशावर दाखवता न येणाऱ्या कामगारांनी तो डोक्यावर घेतला, कारण चाल आणि भाषा त्यांच्या घरची होती.

अमर शेख स्वतः कवने रचत होते. पुढे त्यांचे कवितासंग्रह निघाले, 1958 मध्ये 'कलश' आणि 1963 मध्ये 'धरतीमाता'. म्हणजे शब्दांची उणीव त्यांना नव्हती. तरीही दुसऱ्याने लिहिलेले शब्द ते असे गात की ऐकणाऱ्याला वाटावं, याच माणसाच्या पोटातून आलेत. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आज सगळ्यांना अमर शेखांच्या आवाजातच आठवते, पुष्कळांना ती त्यांचीच रचना वाटते. दोन कलावंत एकत्र आले की कोण मोठा याची भांडणं लागतात, आपल्या गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रातसुद्धा लागतात. इथे एकाने लिहिलं, दुसऱ्याने गायलं, आणि गाणं तिसऱ्याच्याच मालकीचं झालं, म्हणजे लोकांच्या.

कार्यक्रम कुठे? थिएटरात क्वचित. गिरणीच्या गेटवर पाळी सुटताना, चाळीच्या चौकात, कामगार मैदानावर, खेड्यात शेतकरी परिषद असेल तर तिथल्या माळावर. दमून घरी निघालेला कामगार पुढाऱ्याच्या भाषणाला थांबत नाही, पण डफावर थाप पडली की पाय अडखळतो. गर्दी जमवायचं काम शाहिराचं. बार्शीच्या मोटार स्टँडवर उतारू गोळा करणारा पोऱ्या आता हजारो माणसं गोळा करत होता.

मी स्वतः त्या पक्षाचा कधीही नव्हतो आणि त्या पक्षाच्या सगळ्या भूमिका मला पटतात असंही नाही. 1942 च्या चले जाव आंदोलनाच्या वेळी कम्युनिस्टांनी घेतलेली भूमिका आमच्या घरात वडिलांना कधी पटली नाही, आणि तो राग आमच्याकडे अनेक वर्षं होता. पण पक्ष एका बाजूला ठेवून मी माणसाकडे बघतो. ज्याच्या आवाजाला स्टुडिओत किंमत आली असती, त्याने तो गेटवर फुकट वाटला. स्वातंत्र्यानंतर सरकारची वक्रदृष्टी कलापथकाकडे वळली, कार्यक्रमांवर बंदी आली. त्याच सुमारास, 1947 साली, त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी लग्न केलं, त्या पुढे ज्योती झाल्या. धर्म वेगळे, उत्पन्न अनिश्चित आणि नवऱ्याच्या मागे पोलीस. असा संसार करणाऱ्या त्या बाईंचं नावही या लेखात यायला हवं. त्यांची मुलगी मल्लिका अमर शेख मराठीतल्या नामवंत कवयित्री झाल्या.

पुढची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती ठाऊक आहे. गोवामुक्तीचा लढा, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, शंभरावर हुतात्मे, आणि 1 मे 1960. आचार्य अत्र्यांनी त्यांची तुलना रशियाच्या मायकोव्हस्की या कवीशी केली. 1961 च्या 'प्रपंच' चित्रपटात त्यांनी काम केलं. ज्या सिनेमाच्या जगात नाव मिळालं होतं, तिथे ते अधूनमधून असे डोकावून आले, राहिले मात्र नाहीत.

मी त्यांना एकदाच ऐकलं, चीनच्या युद्धानंतर. शाळकरी पोर होतो. संरक्षण निधीसाठी ते गावोगाव कार्यक्रम करत होते. चीन कम्युनिस्ट, त्यांचा पक्षही कम्युनिस्ट, पक्षात त्यावरून दुफळी माजलेली, आणि हा माणूस मात्र देशासाठी झोळी पसरून गातोय. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नव्हतं. एवढंच आठवतं की आम्ही फार मागे बसलो होतो, मध्येच माईक खरखर करून बंद पडला, आणि गाण्यात काहीच फरक पडला नाही. शेजारी बसलेल्या माझ्या आजीने मात्र त्यांच्या एका हळू म्हटलेल्या कडव्याला पदर डोळ्यांना लावला. ती निरक्षर होती आणि तिच्या अर्ध्या आयुष्याचं दळण जात्यावर झालं होतं.

1969 साल या दोन्ही मित्रांना एकदमच घेऊन गेलं. 18 जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बरोबर 42 दिवसांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख गेले. वय वर्षं 52. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, तिथे लोककलेचा अभ्यास होतो. इंदापूर पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. तसंच पुढे गेलं की टेंभुर्णी लागतं, तिथून डावीकडे वळलं की कुर्डुवाडी, आणि कुर्डुवाडीच्या पुढे बार्शी.